क्विल्ट ब्लॉक: साध्या चौकोनांतून वेगवेगळे पॅटर्न काढताना या चुका टाळा

चौकोन कापायला सोपा, शिवायला सोपा, आणि त्याच चौकोनांतून तारा, भिंगरी, बाण, डमरू असं बरंच काही निघतं, म्हणून पॅचवर्क, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवणं, शिकणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात आणि ते योग्यच आहे. अडचण पुढे येते. एकाच मापाचे म्हणून शिवलेले ब्लॉक, म्हणजे जे जोडून क्विल्ट (गोधडी) होते ते चौकोनी नमुने, शेजारी ठेवले की एक १२ इंच भरतो, दुसरा पावणेबारा, ताऱ्याची टोकं शिवणीत गेलेली असतात, भिंगरीचा मध्य चार दिशांना सरकलेला असतो, मग शेवटची शिवण उसवून परत घालायची आणि परत तेच. कारण चूक त्या शेवटच्या शिवणीत नसतेच. ती आधीच कुठेतरी, कापताना नाहीतर पहिल्या शिवणीत नाहीतर इस्त्री फिरवताना झालेली असते आणि ब्लॉक पूर्ण झाल्यावर फक्त दिसायला लागते. म्हणून खाली मी पूर्ण ब्लॉकपेक्षा त्याच्या सुट्ट्या तुकड्यांवरच जास्त बोलणार आहे, दुरुस्ती तिथेच कमी कष्टात होते.

पाव इंच शिवण "साधारण" धरणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, त्यामुळे इथे जरा थांबू. पॅचवर्कचं सगळं गणित पाव इंच शिवणीवर, म्हणजे कापडाच्या कडेपासून पाव इंचावर घातलेल्या शिवणीवर, उभं आहे. २.५ इंचाचे नऊ चौकोन तीन-तीनच्या ओळीत जोडले की ब्लॉक ६.५ इंच यायला पाहिजे, आणि तो क्विल्टमध्ये जोडला गेल्यावर ६ इंच दिसणार. आता समजा तुमची शिवण फक्त १/१६ इंचाने जास्त आत जातेय. डोळ्याला कळतही नाही एवढं. पण शिवणीच्या दोन्ही बाजूंचं कापड तेवढं जातं, म्हणजे एका शिवणीत १/८ इंच, आणि नऊ चौकोनांच्या ब्लॉकमध्ये आडव्या अंगाने दोन शिवणी, म्हणजे ब्लॉक पाव इंचाने लहान.

इथे बरेच जण म्हणतात की माझे सगळेच ब्लॉक सारखेच लहान येतात, मग काय बिघडलं. एकाच प्रकारचे ब्लॉक करत असाल तर खरंच काही बिघडत नाही. पण आपल्याला तर वेगवेगळे ब्लॉक करायचेत. १२ इंचाचा ब्लॉक तीन बाय तीनमध्ये केला तर दोन शिवणी, चार बाय चारमध्ये केला तर तीन, सहा बाय सहामध्ये केला तर पाच. तीच १/१६ ची चूक पहिल्याला पाव इंच खाणार, दुसऱ्याला ३/८, तिसऱ्याला ५/८. झाले ना तीन वेगळ्या मापाचे ब्लॉक, आणि शिवणारा हात एकच.

याची तपासणी सोपी आहे आणि नवीन कापड हातात घेतलं, सुई बदलली किंवा दोरा बदलला की दरवेळी करावी असं माझं मत आहे. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, लांबी कितीही चालेल, बाजूबाजूला शिवा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. बरोबर १ इंच भरली पाहिजे. कमी भरली तर शिवण रुंद जातेय, जास्त भरली तर अरुंद. मोजायचं इस्त्रीनंतरच, कारण शिवणीवर कापड दुमडलं जातं तिथे दोऱ्याची आणि घडीची जाडी थोडी जागा खाते. म्हणूनच अनुभवी लोक पाव इंचाला दोऱ्याएवढं कमी घेऊन शिवतात.

मशीनच्या प्रेसर फुटाची (सुईखाली कापड दाबून धरणाऱ्या पट्टीची) कड म्हणजे पाव इंच असं गृहीत धरू नका, बऱ्याच फुटांची नसते. सुई डावी-उजवीकडे सरकवता येत असेल तर एखादा ठोका उजवीकडे घ्या, शिवण अरुंद होते. सरकत नसेल तर सुईपासून रुलरने पाव इंच मोजून मशीनच्या पाटीवर जाड टेप लावा आणि नजर सुईवर न ठेवता टेपवर ठेवा. टाका २ ते २.५ मिमी, सुई ८०/१२ किंवा बारीक सुती कापडाला ७०/१०, आणि बारीक सुती दोरा. जाड दोऱ्याने शिवण फुगते आणि माप बिघडतं.

अजून एक त्रास, मशीन सुरुवातीलाच तुकड्याचा कोपरा खाली ओढून घेतं आणि पहिला अर्धा इंच वाकडा जातो. आधी एका टाकाऊ चिंधीवर चार टाके घाला आणि दोरा न तोडता त्याच्यामागे खरा तुकडा सरकवा. शेवटी पण तशीच चिंधी. सरळ टाक्याची, एकाच छोट्या भोकाची पाटी मशीनला मिळत असेल तर ती लावा, खूप फरक पडतो.

कापतानाच गेलेलं माप

बोथट ब्लेडने कापलं की मधले दोन-चार धागे राहतात, मग आपण परत जोर देऊन कटर (गोल फिरत्या ब्लेडचा रोटरी कटर) फिरवतो आणि तेवढ्यात रुलर सरकतो. ब्लेड बदला. एका वेळी चारपेक्षा जास्त थर कापू नका, खालचे थर वाकडे जातात. माप रुलरने घ्या, कापडाखाली ठेवलेल्या कटिंग मॅटवरच्या रेघांनी नाही, आणि एका प्रोजेक्टला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच रुलर वापरा, कारण दोन वेगळ्या रुलरच्या रेघांची जाडी वेगळी असते आणि रेघेच्या आतून मोजलं की बाहेरून यात फरक पडतोच. कटर नेहमी अंगापासून दूर ढकलायचा आणि ठेवताना ब्लेड बंद करायचं, हे सगळ्यांना माहीत असतं तरी सांगतेय.

तयार कापलेले ५ इंची किंवा १० इंची चौकोन घेतलेत तर त्यांच्या कडा बहुतेक वेळा करवतीसारख्या दातेरी असतात. हा चौकोन दात्याच्या टोकापासून ५ इंच आहे की खाचेपासून, ते आधी मोजून घ्या, प्रत्येक पाकिटाचं वेगळं असू शकतं. आणि हे तयार चौकोन शिवण्याआधी धुऊ नका, कडा उसवतात आणि माप जातं. सलग कापड मात्र धुऊन घ्यायचं असेल तर सगळंच धुवा, अर्धं धुतलेलं अर्धं कोरं असं मिसळलं की पुढे पहिल्या धुण्यात एकेक ब्लॉक वेगळा आकसतो. गडद लाल आणि गडद निळ्याचा रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघाच.

त्रिकोण हवा असताना चौकोनाचं माप चुकवणं

चौकोनातून वेगळा ब्लॉक काढायचा पहिला मार्ग म्हणजे दोन त्रिकोणांचा चौकोन, म्हणजेच हाफ स्क्वेअर ट्रँगल, सगळे एचएसटी म्हणतात. दोन वेगळ्या रंगांचे चौकोन सुलट बाजू आत करून ठेवायचे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचावर शिवायचं आणि रेघेवर कापायचं, दोन एचएसटी तयार. आता चूक कुठे होते तर चौकोन किती मोठा घ्यायचा इथे. साध्या चौकोनाला तयार मापात (जोडून झाल्यावर दिसणाऱ्या मापात) अर्धा इंच मिळवायचा हे पाठ असतं, तेच इथे लावलं जातं आणि एचएसटी लहान निघतो, मग तो शेजारच्या चौकोनाशी जुळवायला ओढला जातो आणि पुढचं सगळं वाकडं.

तिरक्या शिवणीला कापड जास्त लागतं. ४५ अंशाच्या टोकापाशी पाव इंच मार्जिन (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) सरळ कडेपेक्षा लांब पसरते, हिशोब केला तर एकूण साधारण ०.८५ इंच जास्त लागतात, म्हणून सोयीसाठी ७/८ इंच धरतात. तयार ३ इंचाचा एचएसटी हवा तर चौकोन ३ ७/८ इंचाचा. मी तर सांगेन की ७/८ च्या नादी लागूच नका, सरळ १ इंच मिळवा, ४ इंचाचे चौकोन घ्या आणि शिवून झाल्यावर ३.५ इंचाला छाटा. कापड किंचित वाया जातं, पण प्रत्येक तुकडा तंतोतंत मिळतो आणि वेगवेगळ्या ब्लॉकमध्ये तोच तुकडा कुठेही बसतो.

छाटताना रुलरवरची ४५ अंशाची रेघ बरोबर शिवणीवर ठेवायची, दोन बाजू छाटायच्या, तुकडा उलट फिरवायचा आणि उरलेल्या दोन. रेघ शिवणीवर न ठेवता नुसती कड बघून छाटलं तर तुकडा चौकोनी येतो पण शिवण कोपऱ्यातून निघत नाही, आणि मग ताऱ्याचं टोक कधीच मिळत नाही. कोपऱ्यांना बाहेर आलेले छोटे कान पण कापून टाका, ते राहिले की पुढच्या शिवणीत तुकडा नीट टेकत नाही.

एकदम आठ एचएसटी करायचे असतील तर तयार मापात ७/८ मिळवून दुप्पट करायची. ३ इंचाच्या एचएसटीला ७ ३/४ इंचाचे दोन चौकोन, छाटायला जागा ठेवायची तर ८ इंच घ्या. दोन्ही कर्णांच्या रेघा, प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना शिवण, मग मधोमध उभं-आडवं आणि दोन्ही कर्णांवर कापायचं. पण एक दुसरी पद्धत सांगितली जाते, दोन चौकोन चारही कडांनी शिवून मग दोन्ही कर्णांवर कापायचे, चार एचएसटी झटपट मिळतात. ती शक्यतो टाळा. तिच्यात प्रत्येक तुकड्याच्या बाहेरच्या चारही कडा उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरक्या, येतात, आणि उरेब कड हात लागला तरी ताणते. करायचीच असेल तर आधी कापडाला भरपूर स्टार्च हवं.

डमरूचा ब्लॉक, म्हणजे चार त्रिकोणांचा चौकोन, याला तयार मापात सव्वा इंच मिळवावा लागतो. ओहायो स्टार नावाचा जुना ब्लॉक घ्या, तयार ९ इंचाचा, त्यात ३.५ इंचाचे पाच साधे चौकोन आणि चार डमरू. डमरूसाठी ४ १/४ इंचाचे चौकोन कापायचे, आधी एचएसटी करायचे, मग दोन एचएसटी गडदवर फिकट येईल असे समोरासमोर ठेवून पहिल्या शिवणीला छेदणारी रेघ मारून परत दोन्ही बाजूंना शिवायचं. इथली ठरलेली चूक म्हणजे मधल्या पायरीवरच एचएसटी ३.५ इंचाला छाटून टाकणं. तो त्या वेळी ३ ७/८ इंचाचा असायलाच पाहिजे, अजून एक तिरकी शिवण बाकी आहे. छाटायचं फक्त शेवटी, आणि तेव्हा मध्य बरोबर १ ३/४ इंचावर येतोय ना तेही बघायचं.

इस्त्री घासणं

कपड्यांना करतो तशी इस्त्री पुढेमागे फिरवायची नाही. ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. घासली की तिरकी शिवण धनुष्यासारखी वाकते आणि ते परत सरळ होत नाही. आधी शिवण बंद असतानाच एकदा दाबून घ्या, मग उघडून गडद बाजूकडे वळवा. वाफ तुकड्यांना नको, ब्लॉक पूर्ण झाल्यावर दिली तर चालेल. गरम तुकडा लगेच उचलू नका, थंड होईपर्यंत तसाच सपाट राहू द्या.

रंग छान पण पॅटर्न दिसतच नाही

ही मापाची चूक नाही पण निराशा सगळ्यात जास्त हिच्यामुळे होते, एवढं नेमकं शिवायचं आणि लांबून बघितलं तर सगळं सपाट. कारण आपण रंग निवडतो, उजळ-गडदपणा निवडत नाही. लाल आणि हिरवा एकमेकांपासून कितीही वेगळे वाटले तरी दोन्ही सारखेच गडद असतील तर त्यांच्यातली तिरकी रेघ लांबून गायब होते. कापायच्या आधी सगळी कापडं शेजारी ठेवून मोबाइलवर फोटो काढा आणि ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. दोन तुकडे एकाच करड्या रंगाचे दिसले तर ते एका एचएसटीत शेजारी नकोत.

प्रिंटचं पण बघा. ज्या कापडात पांढरी जमीन आणि गडद मोठी फुलं दोन्ही आहेत त्याचा त्रिकोण केला की कुठे कड गडद येते कुठे फिकट, मग टोक तुटल्यासारखं दिसतं, शिवण बरोबर असली तरी. असं कापड ब्लॉकच्या मधल्या अख्ख्या चौकोनाला द्या, त्रिकोणांना बारीक प्रिंट किंवा साधं कापड. मोठी प्रिंट २ इंचाच्या चौकोनात कापली की तिचं काही उरतच नाही.

एक तुकडा उलटा लागणं

चौकोनातल्या वैविध्याची खरी गंमत इथे आहे. फक्त चार एचएसटी घ्या, प्रत्येक चार दिशांना फिरू शकतो, म्हणजे मांडणीचे २५६ प्रकार. त्यात भिंगरी येते, बाण येतो, मधोमध उभा हिरा येतो, तिरके पट्टे येतात. आणि पाच साधे चौकोन अन चार एचएसटी एवढ्याच सामानातून एचएसटी कोपऱ्यात लावले तर शूफ्लाय ब्लॉक, बाजूंच्या मध्यावर लावून फिरते ठेवले तर फ्रेंडशिप स्टार. कापायचं माप सगळं तेच. म्हणूनच मी वर तुकडे तंतोतंत छाटायला एवढं सांगत होते, एकदा ढीग तयार झाला की त्यातून कुठलाही ब्लॉक काढता येतो.

पण एवढे प्रकार शक्य आहेत म्हणूनच चुकायला पण तेवढीच जागा आहे. टेबलावर बरोबर मांडलेलं मशीनपर्यंत जाताना फिरतं, ब्लॉक शिवून झाल्यावर लक्षात येतं की ताऱ्याचा एक हात उलटा आहे. मांडल्यावर फोटो काढा, आणि तो फोटो लहान करून बघा, उलटा तुकडा लहान चित्रात पटकन डोळ्यात भरतो. ओळीच्या डाव्या तुकड्याला टाचणीवर नंबर लावा. अजून चांगला मार्ग म्हणजे दुसऱ्या उभ्या रांगेचा प्रत्येक तुकडा पहिल्या रांगेवर पालथा घालून एकामागून एक शिवत जायचं आणि मधला दोरा तोडायचाच नाही, मग तिसरी रांग तशीच, सगळा ब्लॉक दोऱ्यांनी जाळीसारखा बांधलेला राहतो, तुकडा फिरायचा प्रश्नच येत नाही.

शिवून परत कापायचे ब्लॉक

नऊ चौकोन शिवायचे, मधोमध उभं-आडवं कापायचं, चार तुकडे फिरवायचे आणि परत जोडायचे, याला डिसअपीअरिंग नाईन पॅच म्हणतात. ५ इंचाचे चौकोन घेतले तर पहिल्यांदा ब्लॉक १४ इंच येतो, कापल्यावर ७ इंचाचे चार तुकडे, परत जोडल्यावर १३.५ इंच. बघायला अवघड वाटतो, शिवायला खरंच सोपा आहे. पण लोक कडेपासून ७ इंच मोजून कापतात, आणि बाहेरच्या कडा जरा जरी कमीजास्त असल्या तर मधला चौकोन असमान चिरला जातो, मग फिरवल्यावर छोटे चौकोन वेगवेगळ्या मापाचे दिसतात. मोजायचं मधल्या चौकोनाच्या शिवणीपासून. तो आता ४.५ इंच दिसतो, म्हणून शिवणीपासून २ १/४ इंचावर कापा.

दुसरं म्हणजे रंगांची जागा. कापल्यावर कोपऱ्यातले चौकोन अख्खे राहतात, बाजूचे अर्धे होतात आणि मधल्याचे चार छोटे तुकडे होतात. आवडतं मोठ्या प्रिंटचं कापड मध्ये ठेवलं तर तेच सगळ्यात बारीक चिरलं जाणार. ते कोपऱ्यांना द्या, मध्ये एकच ठसठशीत साधा रंग ठेवा, तो सगळ्या क्विल्टभर ठिपक्यांसारखा फिरतो.

चार चौकोनांचं पण असंच करता येतं. ५ इंचाचे चार जोडले की ९.५ इंच, मधल्या शिवणीपासून दोन्हीकडे १ इंचावर उभं आणि आडवं कापायचं, नऊ तुकडे मिळतात, बाजूचे चार लांबट तुकडे उलट फिरवून परत जोडायचे, ब्लॉक ८.५ इंच येतो. कापताना एकदा कापल्यावर तुकडे हलवू नका, ब्लॉकभोवती फिरा किंवा खाली फिरता मॅट ठेवा. आणि या दोन्ही प्रकारांत तुकडे फिरल्यामुळे शिवणी गडद बाजूकडे वळवून काही फायदा होत नाही, समोरासमोर एकाच दिशेला येतात आणि गाठ जाड होते, इथे शिवण उघडून दोन्हीकडे पसरवून इस्त्री केलेली बरी.

कोपऱ्यावर चौकोन शिवून उलटवणं

आयताच्या कोपऱ्यावर छोटा चौकोन ठेवून कर्णावर शिवायचा, उलटवायचा आणि मागचं कापायचं, यातून फ्लाइंग गीज म्हणजे बाणाचा तुकडा होतो. तयार २ बाय ४ इंचाला २.५ बाय ४.५ चा आयत आणि २.५ चे दोन चौकोन. उलटवल्यावर चौकोन आयताच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही ही कायमची तक्रार. रेघेवर बरोबर न शिवता एक दोरा कोपऱ्याच्या बाजूला सरकून शिवा, घडीला लागणारी जागा तिथून मिळते. आणि आधी उलटवून बघा, कोपऱ्याला कोपरा लागला तरच मागचं कापा, कापल्यावर मापाला धरायला काही उरत नाही. बाणाच्या टोकाच्या वर पाव इंच कापड दिसलं पाहिजे, टोक थेट कडेला आलं असेल तर पुढच्या शिवणीत ते जाणारच.

जोडताना

शिवणी समोरासमोर उलट दिशेला वळवलेल्या असतील तर एकमेकींत बसतात, बोटाला कळतं. म्हणून पहिली आणि तिसरी ओळ एका दिशेला, मधली दुसऱ्या. त्रिकोणाचं टोक असेल तिथे मागच्या बाजूला दोन शिवणी एकमेकींना छेदून फुली होते, तुमची नवीन शिवण त्या फुलीच्या मधोमधून गेली पाहिजे, अगदी एक दोरा बाहेरून गेली तरी चालेल, आतून गेली की टोक कापलं. म्हणून अशा वेळी फुली दिसणारा तुकडा वर ठेवून शिवा.

दोन ओळी लांबीला किंचित कमीजास्त असतील तर लांब ओळ खाली ठेवा, मशीनचे दाते खालचं कापड जरा जास्त ओढतात आणि जास्तीचं सामावून जातं. पण ही सवलत १/८ इंचापर्यंतच. त्याच्या वर फरक असेल तर ओढून शिवू नका, ओळीतली कुठली शिवण चुकलीय ते प्रत्येक तुकडा मोजून शोधा आणि तेवढीच उसवा. भिंगरीच्या मध्यावर आठ थर येतात आणि गाठ होते, तिथे मागच्या बाजूने मार्जिनमधले दोन-तीन टाके उसवून शिवणी गोल फिरवून बसवा, मध्य सपाट पडतो.

तरीही ब्लॉक वेगळ्या मापाचे आले तर

सगळ्यात लहान ब्लॉकच्या मापाला बाकीचे छाटून टाकायचे हा सल्ला साध्या नऊ चौकोनांना चालतो, ताऱ्यांना नाही, टोकांची पाव इंच जागा त्यातच जाते. त्याऐवजी प्रत्येक ब्लॉकच्या चारही बाजूंना साध्या कापडाच्या पट्ट्या लावा, जरा रुंदच, आणि मग सगळे एका मापाला छाटा. ब्लॉक ११.५ ते १२.५ इंचाच्या दरम्यान विखुरलेले असतील तर दीड इंचाच्या पट्ट्या लावून सगळे १३ इंचाला छाटता येतात. पट्टी कुठे जाड कुठे बारीक दिसेल, पण पट्टीचा रंग क्विल्टच्या जमिनीचाच ठेवला तर ते लक्षातही येत नाही आणि तारे तरंगल्यासारखे दिसतात, मला तर मुद्दाम असं करायला आवडतं.

नवीन सुरुवात करत असाल आणि वेगवेगळे ब्लॉक मिसळायचे असतील तर तयार माप १२ इंच घ्या. तीनने भागलं की ४ चे तुकडे, चारने ३ चे, सहाने २ चे, म्हणजे कापायला साडेचार, साडेतीन आणि अडीच, सगळं रुलरवर सरळ. ९ इंच घेतलात आणि चार बाय चारचा ब्लॉक करायचा म्हटला तर तुकडा २ १/४ चा येतो, करता येतं पण प्रत्येक माप मग २ ३/४ वगैरे आणि कापताना घोटाळे.

आणि ब्लॉक तयार झाले पण क्विल्ट जोडायला वेळ आहे, असं असेल तर ज्यांच्या बाहेरच्या कडा उरेब आहेत त्यांना कडेपासून १/८ इंचावर एक साधी शिवण मारून ठेवा. ती पुढच्या पाव इंच शिवणीच्या आत झाकली जाते, काढायची गरज नाही. घडी न घालता एकावर एक सपाट ठेवा, लटकवून ठेवू नका, स्वतःच्या वजनाने सुद्धा उरेब कड लांबते.